चार बोटांची चूक

भिंतींना कान असतात हे जगाला माहीत आहे. भिंतींना तोंडही असतं, हे टकटके मिस्त्रींना माहीत होतं. टकटके हे काही त्यांचं आडनाव नव्हे बरं का. लोकांनी चिकटवलेलं नाव ते, पण मिस्त्रींनी बसवलेल्या कुठल्याही वस्तूसारखं पक्कं बसलेलं. खऱ्या आडनावाने कोणी फोन केला, तर त्यांची बायको राँग नंबर म्हणून ठेवून द्यायची.

मिस्त्रींचं काम न्हाणीघरातलं. आरसा, टॉवेलचा दांडा, बेसिन, छोटं कपाट, जे काही भिंतीला लटकवायचं असेल ते लटकवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आजकालच्या भिंती म्हणजे नुसता देखावा. उभी लाकडं रोवायची, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड ठोकायचे, वरून रंग फासायचा, की झाली भिंत. त्या बोर्डात स्क्रू मारला तर तो कॅलेंडर सांभाळेल, फार तर आरसा सांभाळेल. माणूस सांभाळणार नाही. माणसाचं वजन पेलायचं तर स्क्रू बोर्डामागच्या लाकडातच गेला पाहिजे, आणि ते लाकूड बाहेरून दिसत नाही. ती लाकडं म्हणे दर दोन फुटांवर असतात. असतात कागदावर. प्रत्यक्षात ज्याने रोवली त्याची मर्जी.

मिस्त्री मधल्या बोटाचं पेर भिंतीवर आपटत आपटत पुढे सरकायचे. टक, टक, टक. पोकळ जागा रिकाम्या डब्यासारखी वाजायची आणि लाकूड आलं की आवाज आखडायचा. तिथे पेन्सिलीची रेघ. चाळीस वर्षांत ती रेघ चुकली नव्हती. बाकीचे मिस्त्री लोहचुंबक फिरवायचे, मागे लाकूड आलं की दिवे लागणारी यंत्रं फिरवायचे. हे त्यांच्याकडे बघून नुसते हसायचे. दांडा बसवून झाला की दोन्ही हातांनी त्याला लटकायचे, पाय वर उचलायचे आणि घरमालकाकडे असं बघायचे, की जणू आता टाळ्याच पडणार आहेत.

अडीच वर्षांपूर्वी त्यांचा उजवा कान जायला लागला. त्याचं तरी काय चुकलं? चाळीस वर्षं ड्रिल त्याच्यापाशीच किंचाळत होतं, सोसायचं तरी किती. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग किटलीची शिट्टी, मग बायकोच्या वाक्यांची शेपटं. ती म्हणायची, मी चारदा हाक मारते आणि पाचव्यांदा एकटी जेवून घेते. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं, की तुझाच आवाज बसलाय. मुलगी हुशार, ती काही बोलली नाही. वाढदिवसाला तिने बापाला ते दिवे लागणारं यंत्र आणून दिलं. ते कपाटात पडलं, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघाली नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मिस्त्रींचं गणित. टकटके बहिरा झाला असं एकदा बाहेर पडलं, तर मागे उरेल काय? नुसता एक मिस्त्री. तसे बाजारात शंभर पडलेत. म्हणून ते मान वळवून डावा कान भिंतीला लावायला शिकले. डावा अजून बरा होता. भिंतीशी उभं राहायला जागा असली की काम भागायचं. आणि मग एक दिवस टेलरबाईंच्या घरून बोलावणं आलं.

टेलरबाई म्हणजे एक्याऐंशी वर्षांची बाई, एके काळची नावाजलेली शिंपीण. गिऱ्हाईक उंबरा ओलांडेपर्यंत तिने नजरेनेच त्याचं माप काढलेलं असायचं. आता मशीन बंद होतं, ती मुलाकडे आणि सुनेकडे राहायची. तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात तिचा पाय घसरला होता. लागलं काही नाही, पण मुलाने धसका घेतला. तेव्हापासून आंघोळ दार उघडं टाकून आणि सून आत उभी. सून वाईट नव्हती हो. पाणी बेताचं करून द्यायची, पाठ चोळून द्यायची, नजर खाली ठेवायची. पण खाली ठेवलेली नजरसुद्धा खोलीत असतेच की. मुलाने शेवटी कबूल केलं होतं, की पकडायला भक्कम दांडा बसला तर आईने खुशाल दार लावून आंघोळ करावी. अगदी कडी घालून.

हे सगळं टेलरबाईंनी मिस्त्रींना स्वतःच सांगितलं. त्या दारात स्टुलावर बसल्या होत्या आणि हातात शिवणकामाचा चपटा खडू होता. दांडा कुठे हवा ते मिस्त्रींनी विचारलं तशी त्या उठल्या, आत गेल्या, बसल्याचं सोंग केलं, उठताना हात जिथे आपोआप गेला तिथे भिंतीवर खडूची फुली मारली. मग म्हणाल्या,

"मिस्त्री, जन्मभर मी बायकांची मापं घेतली, पण पडद्याआड. एकीचं अंग दुसरीला दिसू दिलं नाही कधी. आता माझ्यावरच पडदा राहिला नाही."

मिस्त्रींना त्यातलं निम्मं ऐकू आलं आणि उरलेलं चेहऱ्यावरून कळलं. मावशी, आज दुपारी तुमचं दार लागेल, असं त्यांनी सांगून टाकलं.

दांड्याचं डावं टोक सरळ होतं. डावा कान भिंतीला, टक टक, आवाज आखडला, रेघ. ड्रिल घातलं तर तपकिरी भुसा भुरभुर खाली पडला, ताज्या लाकडाचा वास आला. उजवं टोक येत होतं बेसिनच्या कोपऱ्यात. तिथे डावा कान लावायचा तर बेसिनच्या पलीकडे उभं राहायला हवं, आणि पलीकडे मांजर मावेल एवढीसुद्धा जागा नव्हती. उजवाच कान लावावा लागला. मिस्त्रींनी पेर आपटलं. आवाज आखडल्यासारखा वाटला. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही, आणि काहीच न वाटणं म्हणजे आत भरीव, असं त्यांनी ठरवून टाकलं.

ड्रिल अर्ध्या बोटाएवढं आत गेलं आणि एकदम पुढे उडी मारल्यासारखं सटकलं. हाताला कळलं. चाळीस वर्षांचा हात तो, त्याला कळणार नाही होय? भोकातून भुसा आला नाही, पांढरी पूड आली. तिथेच थांबायला हवं होतं. बोर्ड कापायचा, आत आडवं लाकूड टाकायचं, पुन्हा बंद करायचं, सगळा मिळून अर्ध्या दिवसाचा मामला. पण मग कोणीतरी विचारलं असतं, मिस्त्री, तुमची रेघ कशी चुकली? मिस्त्रींनी ओलं फडकं घेतलं आणि पूड कोणाच्या नजरेस पडायच्या आत पुसून टाकली. भोकांत प्लॅस्टिकचे प्लग दाबून बसवले, स्क्रू आवळले. दांडा ओढून पाहिला, हलला नाही. लटकले मात्र नाहीत. गुडघा दुखतोय, म्हणाले.

"मावशी, हत्ती बांधा याला," एवढं मात्र म्हणाले.

मावशी कसल्या थांबतायत. दुपारचे तीन वाजलेले, आंघोळीची ना वेळ ना काळ, तरी त्या टॉवेल घेऊन आत गेल्या, दार लावलं, कडी घातली. मिस्त्री हत्यारं आवरत होते. सून चहाचा कप त्यांच्या हातात देऊन हसत म्हणाली, ऐका, आई गातायत. मिस्त्रींना काही ऐकू आलं नाही. छान गातात, असं ते म्हणाले.

त्यानंतर सात आठवडे गेले. मिस्त्रींनी ती पांढरी पूड कानामागे टाकली होती, निदान दिवसा तरी. आठव्या आठवड्यात फोन वाजला, तो नेहमीप्रमाणे बायकोने घेतला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. टेलरबाईंच्या मुलाचा फोन होता. दांडा एका बाजूने उपसून आला, आई पडली, मनगट मोडलं. वेळ काढून या, भोकं बुजवा, उरलेला दांडा काढून टाका. आणि हो, न्हाणीघराच्या दाराची कडीही काढायची आहे.

मिस्त्री गेले. न जाऊन सांगतात कोणाला? न्हाणीघरात पाहिलं तर दांड्याचं डावं टोक लाकडाला घट्ट धरून होतं आणि उजवं खाली लोंबत होतं. भिंतीत मुठीएवढं भगदाड, कडांना भुरभुरलेला बोर्ड. आतला अंधार दिसत होता. त्या अंधारात, डाव्या अंगाला, उभ्या लाकडाची कड दिसत होती. फार लांब नव्हती ती.

मुलाने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पण तो सभ्य माणूस निघाला. उलट त्यानेच मिस्त्रींची समजूत घातली, की तुमची काही चूक नाही, आईच अंगाचा सगळा भार टाकते, सांगून ऐकत नाही. आता तो दांडाही नको आणि ते बंद दारही नको. पुन्हा पडली तर कडी तोडून आत जाण्यात वेळ जाईल. यात कोणी काय वावगं बोललं? काहीच नाही. मिस्त्री मान डोलवत राहिले.

टेलरबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. चेहरा ओढलेला. कात्री धरायचा हात तो. मिस्त्रींना पाहून त्या ओशाळल्या. त्या ओशाळल्या, ऐकताय ना? म्हणाल्या,

"मिस्त्री, तुमचं चांगलं काम मी बिघडवलं. हाडंच जड झालीत माझी."

सून मागून हळूच म्हणाली, की पडल्यापासून आई निम्मं ताट तसंच ठेवतात. वजन कमी झालं तर पुन्हा दार लावू देतील असं त्यांच्या डोक्यात बसलंय. तुम्ही तरी सांगा त्यांना. हे ती मिस्त्रींच्या डाव्या बाजूला उभी राहून बोलली, म्हणून सगळं ऐकू आलं.

मिस्त्री कामाला लागले. आधी कडी. चार स्क्रू होते. पहिला काढला, दुसरा काढला. खोलीत सून टेलरबाईंना दोन घास खाण्याचा आग्रह करत होती आणि त्या नको नको म्हणत होत्या, डावा हात ताटावर आडवा धरून. तिसरा स्क्रू निघाला. चौथ्याला पेचकस लावला, फिरवला, कडी हातात आली. केवढीशी ती पितळेची कडी. मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला, खोलीत आले आणि उभ्या उभ्या बोलले.

"मावशी, तो तुमच्या वजनाने नाही निघाला. तिकडे मागे लाकूडच नव्हतं. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. अडीच वर्षं झाली. पांढरी पूड आली तेव्हा मला कळलं होतं, आणि मी ती पुसली."

सुनेच्या हातात घास तसाच राहिला. मुलगा हळूहळू लाल होत गेला. तो जे बोलला ते इथे सगळं सांगण्यात अर्थ नाही. सभ्य माणूस एकदा सुटला की त्याला थांबा माहीत नसतो. आई मेली असती तर, हे तो तीनदा म्हणाला. मिस्त्रींनी तिन्ही वेळा हो म्हटलं. दुसरं म्हणायचं काय? खरंच होतं ते.

टेलरबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी सैल झालं. म्हणजे मी जड नव्हते, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या आणि सरळ सांगितलं, की आता दोष माझा नाही हे ठरलं, तर दांडा नीट बसवून घे आणि माझं दार मला दे.

मुलगा कपाळाला हात लावून बसला.

"आई, मिस्त्रीच्या चुकीने निघाला काय नि तुझ्या वजनाने निघाला काय, पडलीस तर तूच ना? मी आता कुठल्याच दांड्यावर विश्वास ठेवणार नाही."

घ्या. मिस्त्रींना वाटलं होतं, खरं सांगितलं की तिचं दार तिला परत मिळेल. चाळीस वर्षांचं नाव एका वाक्यात घालवलं ते त्यासाठीच. नाव तर गेलं, आणि दार काही आलं नाही. खोटं बोललं की शिक्षा होते आणि खरं बोललं की सुटका होते, असं लहानपणी सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं.

टेलरबाई उठल्या. सून धरायला धावली, तिला त्यांनी डाव्या हाताने बाजूला सारलं. न्हाणीघरात गेल्या, भगदाडाच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर भिंतीवर आपटलं. टक. दोन बोटं सरकल्या. टक. आणखी दोन बोटं. मिस्त्रींनी त्यांचा चेहरा पाहिला आणि न ऐकताच त्यांना कळलं, आवाज आखडला. एक्याऐंशी वर्षांचे ते कान शाबूत होते. त्यांनी कमरेच्या खिशातून चपटा खडू काढला, डाव्या हाताने वाकडीतिकडी फुली मारली आणि भगदाडापासून फुलीपर्यंत बोटं ठेवून मोजली.

"चार बोटं," त्या म्हणाल्या. "चार बोटांनी चुकलात, मिस्त्री. मला विचारायचं होतं. मी ऐकलं असतं तुमच्यासाठी."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही. दारात उभ्या असलेल्या मुलाकडे टेलरबाईंनी पाहिलं. एवढा पुरावा समोर होता, आता तो काय म्हणतो? तो म्हणाला, बघू. आई होती ती, मुलाचं बघू म्हणजे काय ते तिला त्याच्या शाळेपासून माहीत होतं. तिने खडू खिशात ठेवला. मुलाने मिस्त्रींपुढे हात केला, मिस्त्रींनी कडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि ती त्याच्या पँटच्या खिशात गेली.

मिस्त्रींनी दांडा उतरवला, भगदाडात बोर्डाचा तुकडा बसवला, कडांच्या फटींत लांबी भरली, घासून सपाट केली. इतकं सुबक काम त्यांनी वर्षभरात केलं नव्हतं. काही घडलंच नाही अशी भिंत झाली. मग सून ओलं फडकं घेऊन आली आणि खाली पडलेली पूड पुसायला लागली. जमीन पुसली, बेसिन पुसलं, भिंत पुसली. पुसता पुसता खडूची फुलीही गेली. मुद्दाम नाही हो, तिचं लक्षही नव्हतं. टेलरबाई खुर्चीतून ते बघत होत्या.

घरी आल्यावर मिस्त्री बायकोला म्हणाले, की मला ऐकू येत नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे, आणि ताट वाढायला घेतलं. दोन घास झाल्यावर त्यांनी ताट सारलं आणि कपाटातून दोन गोष्टी काढल्या. एक म्हणजे यंत्राचं ते खोकं, आणि दुसरी त्यांची जुनी वही. कुठल्या घरी कुठली वस्तू कुठल्या भिंतीला बसवली ते त्या वहीत तारखेसकट होतं. अडीच वर्षांची पानं उलटली. माणसाचं वजन पडेल अशा वस्तू सतरा घरांत निघाल्या. बायकोने एकेका घरी फोन केला, कारण फोनवर मिस्त्रींना धड ऐकू येत नव्हतं. ती म्हणायची, आमच्या ह्यांचा कान गेलाय, त्यांनी बसवलेलं एकदा तपासून घ्यायचंय, तोवर त्याला धरू नका. काहींनी आभार मानले. बऱ्याच जणांनी नाही मानले. एकाने विचारलं, म्हणजे टकटके संपले म्हणायचे? तिने हो म्हटलं.

पुढचे दोन महिने मिस्त्री यंत्र घेऊन घरोघर फिरले. तेरा ठिकाणी दिवा बरोबर लागला. तीन ठिकाणी नाही लागला. तिथे त्यांनी भिंत उघडून आत लाकूड टाकलं, दांडा बसवला, दोन्ही हातांनी धरून त्याला लटकले आणि पाय उचलले. गुडघा खरंच दुखायला लागला होता, तरी उचलले. टाळ्यांची वाट बघत नव्हते आता. घरमालक बाजूला उभे राहून त्यांच्याकडे संशयाने बघत राहायचे, आणि ते बरोबरच होतं.

सोळा घरं झाली. सतरावं टेलरबाईंचं. तिथे काही करायचं उरलंच नव्हतं, भिंत सपाट होती आणि बोलावणंही नव्हतं. तरी एका सकाळी मिस्त्री त्या रस्त्याने गेले. यंत्र पिशवीत होतं. नऊ वाजले होते, टेलरबाईंच्या आंघोळीची वेळ. न्हाणीघराची खिडकी रस्त्याकडे होती, दुधी काचेची, आत दिवा लागलेला. मिस्त्री समोरच्या फुटपाथवर थांबले. आत कोणी गात असलं तरी त्यांना ऐकू आलं नसतं, म्हणून त्यांनी नुसतं पाहिलं. काचेवर दोन सावल्या होत्या. एक बसलेली, आणि एक तिच्या शेजारी उभी.